जुनी राय: दाणा किती, लाकूड किती?

ब्रुकलिनच्या रेड हुक भागात लेनेल स्मदर्स यांचं दारूचं एक छोटं दुकान होतं. २००६ ते २००८ या काळात त्यांनी केंटकीतल्या विलेट कंपनीच्या गोदामातून राय व्हिस्कीची चार पिंपं निवडली आणि ‘रेड हुक राय’ या नावाने बाटल्यांत भरून घेतली. आतली व्हिस्की २३-२४ वर्षांची होती आणि बाटलीची किंमत ७५ डॉलरच्या आसपास. आज तीच सीलबंद बाटली लिलावात आली, तर बोली पाच आकडी डॉलरांत जाते. मधल्या काळात आतल्या व्हिस्कीत काहीही फरक पडलेला नाही, कारण व्हिस्की मुरते ती पिंपात. बूच लागलं की तिचं वय थांबतं. बदलली ती फक्त मागणी.

जुन्या, महागड्या राय व्हिस्कीचं मूल्यमापन करायला बसलेल्या कुणालाही आधी या गोष्टीशी झगडावं लागतं. पेल्यात दाण्याची चव असते, लाकडाची चव असते, आणि दुर्मीळपणाचा दबदबाही असतो. पहिल्या दोहोंचा निवाडा नाक आणि जीभ करू शकतात. तिसऱ्याला बाजूला ठेवणं अनुभवी परीक्षकांनाही नेहमी जमत नाही.

राय हे गहू-बार्लीच्या कुळातलं, कडक थंडीत आणि हलक्या जमिनीतही तग धरणारं धान्य. जर्मन आणि पूर्व युरोपीय स्थलांतरितांनी ते पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडमध्ये रुजवलं आणि अठराव्या शतकातली तिथली व्हिस्की मुख्यतः रायचीच झाली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या आग्रहावरून माउंट व्हर्ननला डिस्टिलरी सुरू केली. तिथलं मिश्रण ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि ५ टक्के माल्ट केलेली बार्ली असं होतं, आणि १७९९ मध्ये तिथून सुमारे ११ हजार गॅलन व्हिस्की बाहेर पडली. ती मुरवलेली नव्हती. गाळली, पिंपात भरली, विकली. म्हणजे ज्या पेयाच्या वयाची आज एवढी मातब्बरी सांगितली जाते, त्याच्या सुरुवातीच्या काळात वय हा विषयच नव्हता.

१९२० ते १९३३ च्या दारूबंदीने पेनसिल्व्हेनियाचा हा धंदा मोडला. बंदी उठल्यावर मका स्वस्त होता, लोकांना गोडसर बोर्बन आणि हलक्या कॅनडियन ब्लेंडची सवय लागली होती आणि पुढे व्होडका आली. १९८० च्या दशकापर्यंत राय म्हणजे म्हाताऱ्यांचं पेय, अशी तिची प्रतिमा झाली. केंटकीतल्या डिस्टिलऱ्या वर्षातले मोजके दिवस राय गाळत आणि उरलेला सगळा वेळ बोर्बनला देत. त्यातलीही काही पिंपं विकलीच गेली नाहीत. ती गोदामात पडून राहिली. विसाव्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी ती बाहेर काढली गेली, कारण तोवर कॉकटेलच्या नव्या लाटेने मॅनहॅटन आणि सॅझरॅकसाठी रायची मागणी परत आणली होती. हेवन हिलच्या ‘रिटनहाउस’ची २१, २३ आणि २५ वर्षांची प्रसिद्ध मालिका, ‘रेड हुक’, व्हॅन विंकल घराण्याची १३ वर्षांची राय हे सगळं याच पडून राहिलेल्या साठ्यातून आलं. पंचवीस वर्षांनी अमृत बनेल असं ठरवून कुणी ही पिंपं भरली नव्हती. जुन्या रायच्या दंतकथेमागे मुख्यतः न खपलेला माल आहे, हे रसिकांना ऐकायला आवडत नाही, पण ते खरं आहे.

२००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ८८ हजार पेट्या राय खपली. दहा वर्षांनी हा आकडा १० लाखांच्या वर गेला. एवढा माल आणायचा कुठून? बऱ्याच नव्या ब्रँडना उत्तर सापडलं इंडियानातल्या लॉरेन्सबर्गमध्ये. तिथली सीग्रॅम कंपनीची जुनी डिस्टिलरी ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्लीची व्हिस्की गाळत असे, ती मुळात ब्लेंडमध्ये चवीपुरती घालण्यासाठी. सीग्रॅमचा कारभार मोडला आणि पुढे एमजीपी या नावाने चालणाऱ्या या कारखान्याची राय बुलेट, टेम्पलटन, रिडेम्पशन अशा अनेक लेबलांखाली दुकानांत दिसू लागली. टेम्पलटनने दारूबंदीच्या काळातल्या आयोवाच्या पाककृतीची गोष्ट सांगितली होती. ग्राहकांनी खटला भरला, २०१५ मध्ये तडजोड झाली आणि लेबलावर मूळ राज्याचं नाव आलं.

व्हरमाँटच्या शोरहॅम गावातल्या ‘व्हिसलपिग’ची कथाही अशीच वळणाची. भारतीय वंशाचे राज भक्ता यांनी मेकर्स मार्कचे माजी मास्टर डिस्टिलर डेव्ह पिकरेल यांना बरोबर घेऊन २०१० मध्ये १० वर्षांची, १०० टक्के रायची बाटली बाजारात आणली. आतला माल होता कॅनडातल्या अल्बर्टाचा. पिकरेल यांना हा साठा जिथे मिळाला, तिथे तो स्वस्त ब्लेंडमध्ये विरून जात होता. त्यांनी तो तसाच बाटलीत भरला आणि अमेरिकेतल्या महाग रायचा बाजार उभा राहिला. व्हिस्की उत्तम होती. फक्त व्हरमाँटच्या शेताचं चित्र आणि पेल्यातली अल्बर्टाची थंडी यांत अंतर होतं.

म्हणून चाखण्याआधी लेबल वाचावं. अमेरिकेत राय व्हिस्की म्हणवून घ्यायचं तर मिश्रणात किमान ५१ टक्के राय लागते. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर जाता कामा नये, आणि पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांपेक्षा तीव्र नसावी. पिंप नवं आणि आतून जाळलेलं ओकचं हवं. ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं, आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापणं बंधनकारक. ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्यातला: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवलेली आणि ५० टक्क्यांवर भरलेली. छापलेला वयाचा आकडा मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. कॅनडात मात्र वेगळाच कारभार आहे. तिथे तीन वर्षं लहान लाकडी पिंपात ठेवलेल्या कॅनडियन व्हिस्कीला ‘राय’ म्हणायला कायद्याची आडकाठी नाही, मग तिच्यात रायचा दाणा नावापुरता का असेना. त्याच देशात अल्बर्टा प्रीमियम आणि लॉट ४० यांसारख्या १०० टक्के रायच्याही बाटल्या निघतात. नुसता ‘कॅनडियन राय’ हा शब्द पाहून कुणी काही ठरवू नये.

या कायद्यांमुळे रायची तीन घराणी सहज ओळखता येतात. केंटकीची राय बहुधा ५१ टक्क्यांच्या उंबरठ्यावर असते. मक्याचा गोडवा पुढे येतो, मागून मिरी आणि दालचिनी. इंडियानाच्या ९५ टक्के रायमध्ये हिरवट, ताजा वास असतो: पुदिना आणि त्याहून ठळक शेपू. पाश्चात्त्य परीक्षक त्याला लोणच्याच्या बरणीचा वास म्हणतात. शेपूची भाजी पाहून नाक मुरडणारे इथेही अडखळतील. १०० टक्के कॅनडियन रायमध्ये कोरड्या धान्याचा, भाजलेल्या पावाच्या कवचाचा, सुंठीचा आणि देवदाराच्या भुशाचा वास येतो. या तीन वासांची ओळख नसताना थेट १८ वर्षांच्या बाटलीकडे जाणाऱ्याला वयाने काय बदललं ते कळणार नाही, कारण मुळात काय होतं हेच त्याला ठाऊक नसतं.

आता लाकडाकडे. दाण्याकडून व्हिस्कीला मिळणारा मसाला बराचसा आंबवणीतच तयार होतो: रायच्या सालीतल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनिलग्वायकॉल नावाचं संयुग बनतं आणि त्याला लवंगेसारखा वास असतो. पिंपाचं काम वेगळं. ओक जाळताना त्यातल्या लिग्निनचे तुकडे होतात आणि व्हॅनिलिन सुटतं; हेमिसेल्युलोजपासून काकवीसारखे, भाजक्या साखरेचे वास येतात; ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळाची छटा. आणि टॅनिन येतं, जे जिभेला कोरडं करतं. पहिल्या चार-सहा वर्षांत नवं पिंप हे सगळं उदार हाताने देतं. त्यानंतर लाकडातून येणारा माल मंदावतो, पण थांबत नाही. दरम्यान हवेशी होणारी संथ देवाणघेवाण फळांचे, चामड्याचे, तंबाखूच्या पानाचे वास घडवते. हे काम वेळखाऊ आहे आणि चांगल्या जुन्या व्हिस्कीची खरी कमाई तीच. अडचण अशी की त्या कमाईची वाट पाहताना टॅनिनही वाढत राहतं, आणि रायचा ताजा, हिरवा स्वभाव मात्र मागे सरकत जातो. स्कॉचला ही अडचण कमी भेडसावते, कारण ती बहुधा बोर्बनसाठी आधी वापरलेल्या, बरंच काही देऊन बसलेल्या पिंपात आणि थंड हवेत मुरते. अमेरिकन रायला ती सवलत नाही.

त्यात बाष्पीभवन. केंटकीत वर्षाला साधारण ३ ते ५ टक्के माल उडून जातो. ४ टक्के धरले आणि २०० लिटरच्या पिंपाचा हिशेब केला, तर १८ वर्षांनी जेमतेम ९६ लिटर उरते, २५ वर्षांनी सुमारे ७२. उन्हाळ्यात तापणाऱ्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर पाणी अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं, म्हणून व्हिस्की आटते आणि तीव्रही होते. खालच्या थंड मजल्यावरचं पिंप शांतपणे वयात येतं. दोघांच्या लेबलावर आकडा एकच छापला जातो. हा आकडा घड्याळाचा आहे, पिंपाच्या प्रकृतीचा नव्हे.

बफेलो ट्रेस डिस्टिलरीच्या ‘अँटिक कलेक्शन’मध्ये दोन राय एकत्र निघतात आणि हा सगळा मुद्दा त्या दोन पेल्यांत मांडलेला आहे. ‘थॉमस एच. हँडी’ साधारण सहा वर्षांची, पाणी न घालता भरलेली, ६० टक्क्यांच्या वर. ‘सॅझरॅक १८’ तिच्या तिप्पट वयाची, ४५ टक्क्यांवर आणलेली. हँडीत संत्र्याची साल, पुदिना, बडीशेप, मिरी असा सगळा बाजार एकदम अंगावर येतो. सॅझरॅकमध्ये तोच मसाला मुरलेला, कोरडा, चामड्याच्या आणि जुन्या लाकडाच्या आवरणाखाली. कोण श्रेष्ठ यावर रसिकांत कायमचं भांडण आहे. पण एक गोष्ट बोलकी आहे: काही वर्षं सॅझरॅक १८ चा साठा कंपनीने पिंपातून काढून स्टीलच्या टाकीत ठेवला, म्हणजे लाकूड आणखी चढू नये. वय वाढवणं हेच ध्येय असतं, तर टाकीची गरज पडली नसती.

चाखण्याची पद्धत अवघड नाही, मात्र घाई चालत नाही. तळाशी फुगीर, वर अरुंद असा पेला घ्यावा. ग्लेनकेर्न हा २००१ मध्ये आलेला पेला आता सर्वत्र मिळतो. ओतल्यावर काही मिनिटं थांबावं, म्हणजे अल्कोहोलचा पहिला झोत ओसरतो. नाक आत खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून कडेशी वास घ्यावा. पहिला घोट जिभेला जागं करण्यापुरता, त्यावर मत बनवू नये. दुसऱ्या घोटापासून तीन गोष्टी पाहाव्यात. दाणा अजून बोलतो का, की नुसतं लाकूड आहे? मधली चव भरीव आहे, की सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये पोकळी आहे? आणि गिळल्यावर जे मागे राहतं ते मसाल्याचं आहे की तुरटपणाचं? हा तिसरा प्रश्न जुन्या रायसाठी निर्णायक. विड्यात कात जास्त पडला की हिरड्या जशा आवळून येतात, तसं झालं तर पिंपाने आपला हात दाखवलेला आहे आणि लेबलावरचा आकडा कितीही मोठा असला तरी गुण कापले पाहिजेत.

पाणी घालणं हा कमीपणा मानणाऱ्यांनी प्रयोगशाळेचं ऐकावं. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत उतरलं की ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतात. ५९ टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या घोळक्यात आत दडून बसतात. म्हणजे ६० टक्क्यांच्या रायला थेंब-थेंब पाणी दिल्याने ती मोकळी होते. मर्यादाही आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं की वेगवेगळ्या व्हिस्क्यांमधला फरक पुसट होत गेला. बर्फ हा वेगळा विषय. तो प्यायला बरा, पारखायला वाईट. जाता जाता एक गंमत: लुइव्हिल विद्यापीठातल्या स्टुअर्ट विल्यम्स यांच्या गटाला आढळलं की पातळ केलेल्या अमेरिकन व्हिस्कीचा थेंब काचेवर सुकला की जाळीसारखी नक्षी उमटते, ब्रँडगणिक वेगळी. स्कॉचमध्ये ती दिसत नाही. जाळलेल्या नव्या पिंपातून उतरलेल्या पदार्थांची ही सही समजायला हरकत नाही, आणि बनावट बाटल्या ओळखायला तिचा उपयोग होईल असा त्यांचा अंदाज आहे.

बनावटीची भीती काल्पनिक नाही. रिकाम्या बाटल्या भरून विकण्याचा धंदा आहे, आणि चोरीही होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपी व्हॅन विंकल बोर्बनच्या ६५ पेट्या गेल्याची बातमी जगभर छापून आली. त्याच तक्रारीत १३ वर्षांच्या व्हॅन विंकल रायच्या ९ पेट्याही होत्या, ज्यांची फारशी चर्चा झाली नाही.

गुणांच्या पद्धतीकडे आदराने पण सावधपणे पाहावं. जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५ गुण असतात. ही विभागणी नवशिक्यालाही उपयोगी आहे, कारण ती ‘तोल’ वेगळा मोजायला लावते, आणि अतिजुनी राय हरते ती तिथेच. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मरे यांनी २०१६ च्या आवृत्तीसाठी जगातली सर्वोत्तम व्हिस्की म्हणून ‘क्राउन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्ट राय’ जाहीर केली. १०० पैकी ९७.५ गुण. मॅनिटोबातल्या गिमली गावात गाळलेली, ९० टक्के रायची, बाटलीवर वयाचा आकडा नाही आणि किंमत ३० डॉलरच्या आसपास. कॅनडातली दुकानं पाहता पाहता रिकामी झाली. निवड वादग्रस्त ठरली, आणि ती व्हिस्की जगात खरोखर पहिली होती असं मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. तरी वय नसलेल्या, स्वस्त बाटलीला एवढे गुण मिळू शकतात, हे ऐकून आकड्यावर पैसे लावणारे अस्वस्थ झाले, ते बरंच झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक स्पर्धेत परीक्षक लेबल न पाहता चाखतात आणि मंडळातल्या सर्वांनी सुवर्ण दिलं तरच ‘डबल गोल्ड’ मिळतं. पद्धत चांगली, पण प्रवेशशुल्क भरून येणाऱ्यांतूनच विजेते निघतात, आणि पदकं वाटली जातात तीही ढिगाने.

घरी हेच करायचं तर एका मित्राला ओतायला बसवावं. पेले तीन: चार-सहा वर्षांची बॉटल्ड-इन-बॉण्ड रिटनहाउस, सहा वर्षांची ५५ टक्क्यांची पाइक्सव्हिल, आणि दहाच्या पुढची कुठलीही. कुठल्या पेल्यात काय आहे ते पिणाऱ्याला सांगू नये. पाइक्सव्हिल या परीक्षेत तिच्याहून कितीतरी महाग बाटल्यांच्या नाकी नऊ आणते. आठ ते तेरा वर्षांच्या टप्प्यात अमेरिकन राय सर्वांत तोलदार लागते, आणि पंधराच्या पुढे प्रत्येक पिंप स्वतंत्रपणे पारखावं लागतं, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. कॅनडातल्या जुन्या वापरलेल्या पिंपांतली राय याला अपवाद. ती वीस वर्षंही सुखाने काढते.

पुण्या-मुंबईच्या रसिकाला यातलं बरंचसं दुरूनच पाहावं लागतं. आयात मद्यावर भारतात १५० टक्के सीमाशुल्क चालत आलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १०० टक्क्यांवर आलं, पण बोर्बनच्या नावाने. त्यावर राज्याचं उत्पादनशुल्क वेगळं. साहजिकच जुन्या रायची ओळख बहुतेकांना न्यू जर्सीत किंवा टोरंटोत राहणाऱ्या भावाच्या बॅगेतून होते, जिच्यात सीमाशुल्काशिवाय दोन लिटरच बसतात. देशात मात्र एक वेगळा प्रयोग झालेला आहे. बंगळूरच्या अमृतने माल्ट केलेल्या रायपासून व्हिस्की काढली. तिथे वर्षाला १० ते १२ टक्के माल उडतो, म्हणून तिथली चार-पाच वर्षं थंड प्रदेशातल्या दुपटीहून अधिक वर्षांइतकं लाकूड देतात. गोव्याच्या पॉल जॉनचाही अनुभव याच दिशेचा. वयाचा आकडा देशोदेशी एकाच भावाने मोजता येत नाही, याचं याहून जवळचं उदाहरण मराठी वाचकाला मिळणार नाही. आणि चाखण्याच्या शब्दांसाठी परदेशी तक्त्यांकडे पाहण्याचंही कारण नाही. लवंग, जायफळ, सुंठ, काकवी, शेपू, कात हे सगळं ओळखणारं नाक मराठी स्वयंपाकघरात आधीच तयार झालेलं असतं.

दरम्यान अमेरिकेत गोदामं पुन्हा भरली आहेत. २०२४ मध्ये एकट्या केंटकीत १ कोटी ४० लाखांहून अधिक पिंपं मुरत होती. मागणी मंदावली आणि एमजीपीने त्याच वर्षाच्या अखेरीस उत्पादन कमी करणार असल्याचं जाहीर केलं. मुरणाऱ्या पिंपांवर केंटकीत दरवर्षी लागणारा मालमत्ता कर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने घटत २०४३ पर्यंत संपायचा आहे, त्यामुळे पिंप पडून राहू देणं पूर्वीइतकं महाग राहणार नाही. आज न खपलेल्या रायमधली काही पिंपं २०४० च्या आसपास २० वर्षांची होतील. ती चांगली लागतील की नुसतं लाकूड, हे गोदामाच्या कुठल्या मजल्यावर ती ठेवली आहेत आणि वेळेवर टाकीत काढायचं कुणाला सुचतं, यावर ठरेल.